कृपया खुलासा व्हावा

मुलाखत मी आयुष्यात एकदाच दिली, बँकेत लागताना. तीन साहेबांनी मला सात मिनिटांत अकरा प्रश्न विचारले. त्यांतल्या नऊ प्रश्नांची उत्तरं मला सुचली, पण ती परतीच्या एसटीत. आणि काय एकेक उत्तरं होती हो! शेजारी मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या गृहस्थांना मी त्यातली दोन ऐकवलीसुद्धा. ते म्हणाले, "लागेल, लागेल नोकरी." तेव्हापासून माझं ठाम मत झालं, की प्रश्न हवा तेव्हा विचारावा, पण उत्तर लेखी घ्यावं आणि मधे निदान एक रात्र जाऊ द्यावी.

हे मत उराशी बाळगून मी वीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहत बसलो होतो. तोच आमच्या शाळेचा अमृतमहोत्सव आला. अमृतमहोत्सव म्हटला की स्मरणिका आली, स्मरणिका म्हटली की जाहिराती आल्या, आणि दोन जाहिरातींच्या मधे घालायला मजकूर आला. समितीने मला पुस्तपालनाच्या सरांची मुलाखत घ्यायला सांगितलं. "तुम्ही बँकेतले, ते जमाखर्चातले, तुमचं जमेल," एवढा खोल विचार त्यामागे होता.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. नाशिकला मुलाकडे असतात. कानांनी जवळजवळ राजीनामा दिलाय, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. पण नातवाने त्यांना ई-मेल शिकवला आहे आणि ते एका बोटाने, एकही काना-मात्रा न चुकवता, टाइप करतात. म्हणजे मुलाखत लेखी! मला एसटीतल्यासारखं स्फुरण चढलं. एका बैठकीत मी एकवीस प्रश्न काढले. साधं खातं उघडायला आलेल्या माणसाला आम्ही जेवढं विचारतो, तेवढं मुलगी देताना सासरच्यांनाही कोणी विचारत नाही. तेव्हा एकवीस म्हणजे काहीच नव्हे. वर 'सा. न. वि. वि.' घातलं, खाली 'सर्व प्रश्नांची उत्तरे द्यावीत ही विनंती' घातलं आणि दिलं पाठवून.

चौथ्या दिवशी उत्तरं आली. नमुन्यादाखल काही देतो.

प्रश्न 1 : आपले बालपण कसे गेले? उत्तर : लवकर.
प्रश्न 6 : शिक्षकी पेशाकडे आपण कसे वळलात? उत्तर : नोकरी मिळाली.
प्रश्न 9 : आपल्या जीवनाचे तत्त्वज्ञान काय? उत्तर : जितके नावे, तितके जमा.
प्रश्न 14 : आपल्या कारकिर्दीतील अविस्मरणीय प्रसंग कोणता? उत्तर : एक आहे. सांगण्यासारखा नाही.
प्रश्न 21 : आजच्या तरुण पिढीला काय संदेश द्याल? उत्तर : त्यांनी विचारल्यास सांगेन.

एकवीस प्रश्न, एकवीस उत्तरं. तेरीज जुळली. मी प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. ऑडिटरच्या शेऱ्यांना आम्ही शाखेतून जे खुलासे पाठवतो, ते असेच असतात. 'नोंद घेतली.' 'पूर्तता केली.' 'यापुढे दक्षता घेण्यात येईल.' ऑडिटर खूश, शाखा खूश, आणि मूळ घोटाळा आपल्या जागी सुखरूप.

आमची मुलगी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकते. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "बाबा, हे केवायसी आहे." मग तिने दोन पुस्तकं माझ्या पुढ्यात आदळली. त्यांचं परीक्षण लिहिण्याचा माझा अधिकार बी. कॉम.ला इंग्रजीत मिळालेल्या एक्केचाळीस गुणांइतकाच आहे. तरी पण लिहितो.

पहिलं व्लादिमीर नाबोकोव्ह यांचं 'स्ट्राँग ओपिनियन्स', 1973 सालचं. 'लोलिता' लिहिणारे हे गृहस्थ 1961 पासून अखेरपर्यंत, म्हणजे 1977 पर्यंत, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या एका हॉटेलात राहिले. मुलाखतीच्या त्यांच्या अटी सरकारी टेंडरसारख्या. प्रश्न आधी लेखी पाठवा, उत्तर मी लेखी देईन, छापताना शब्द इकडचा तिकडे करू नका. कारण काय, तर आपण बोलतो फार सुमार, असं त्यांचंच म्हणणं. 1975 साली ते फ्रेंच टीव्हीवर बेर्नार पिव्हो यांच्या कार्यक्रमात गेले, तेव्हाही उत्तरं कार्डांवर लिहून नेलेली, आणि कार्डं समोर रचलेल्या त्यांच्याच पुस्तकांच्या आड! शेजारच्या चहाच्या किटलीत व्हिस्की होती, हे पिव्हो यांनी मागाहून सांगितलं. एवढ्या थोरामोठ्याने केलेली कॉपी पाहून माझा जीव भांड्यात पडला.

पुस्तक झकास आहे. एकेक वाक्य सोनाराने तापवून, ठोकून, उजळून दिल्यासारखं. पण ओळीने पाच मुलाखती वाचल्यावर मला चुकचुकल्यासारखं व्हायला लागलं. प्रश्न विचारणारा गेला कुठे? 1964 सालची 'प्लेबॉय'ची मुलाखत घेणारे ॲल्विन टॉफ्लर हे पुढे 'फ्यूचर शॉक' लिहून जगाला विचारात पाडणारे गृहस्थ. पण इथे तेही रबरी शिक्क्यासारखे उमटतात आणि बाजूला होतात. उत्तरांना प्रश्नांची गरजच उरलेली नाही. समोरचा खिडकीत उभा आहे, आत सोन्याची तिजोरी आहे आणि मधली काच काही केल्या सरकत नाही.

दुसरं पुस्तक इटलीतल्या एलेना फेरान्ते यांचं, 'फ्रांतुमालिया'. मूळ 2003 चं, वाढवून इंग्रजीत आलं 2016 साली. फेरान्ते हे टोपणनाव. पहिली कादंबरी यायच्या आदल्या वर्षी, 1991 मध्ये, त्यांनी प्रकाशकांना पत्राने कळवून टाकलं की पुस्तक लिहून माझं काम संपलं, त्याच्यासाठी मी कुठे मिरवायला येणार नाही. तेव्हापासून बाईंच्या मुलाखती प्रकाशकांमार्फत आणि बहुतेक सगळ्या लेखीच. पुस्तकाचं नाव त्यांच्या आईच्या नेपल्सकडच्या बोलीतलं आहे. मनात तुकड्यांची दाटी झाली, कशाचा कशाला मेळ लागेना, की आई तो शब्द वापरायची. आमची आई अशा वेळी 'जीव थाऱ्यावर नाही' म्हणायची. एका मासिकाच्या प्रश्नांना उत्तर देताना बाई या शब्दापाशी थांबल्या आणि पानंच्या पानं लिहीत गेल्या. तोंडी मुलाखतीत एवढं कोण ऐकून घेतो? मधेच चहा येतो.

पण याही पुस्तकात कंटाळवाणा भाग आहे, आणि तो बाईंचा नव्हे, विचारणाऱ्यांचा. तुम्ही कोण, समोर का येत नाही, हेच पुनःपुन्हा. आमच्याकडे 'लंच टाइम'ची पाटी वाचून झाल्यावर खिडकीत डोकं घालून "लंच टाइम आहे का?" विचारतात, त्यातली गत. सगळ्यात जिवंत पानं आहेत ती दिग्दर्शक मारिओ मार्तोने यांच्याबरोबरच्या पत्रांची. त्यांनी पहिल्या कादंबरीवर 1995 साली सिनेमा केला. ते पटकथा पाठवतात, बाई शंका काढतात, ते उत्तर देतात, त्यावर बाई आणखी लिहितात. तिथे कोणी प्रश्नावली काढलेली नव्हती, आणि म्हणूनच मला ती खरी मुलाखत वाटली.

लेखी मुलाखतीत समोरासमोर बसण्याचा जिवंतपणा नाही, असं जाणकार म्हणतात. मला हे पटत नाही. माझ्या समोर दिवसाला शंभर माणसं उभी राहतात, त्यांतल्या एकाच्याही डोळ्यांचा रंग मला सांगता यायचा नाही. जिवंतपणा येतो दुसऱ्या प्रश्नाने. पहिला प्रश्न कोणीही घरून आणतो. दुसरा मात्र उत्तर वाचल्याशिवाय सुचत नाही. आणि एकदम एकवीस प्रश्न पाठवणारा माणूस वीस वेळा सांगत असतो, की तुमचं उत्तर काहीही असो, माझा पुढचा प्रश्न ठरलेला आहे.

हे ध्यानात आलं आणि चौदाव्या प्रश्नाने माझी झोप उडवली. 'एक आहे. सांगण्यासारखा नाही.' सर समोर बसून असं म्हणाले असते, तर माझ्यासारख्या मठ्ठानेही खुर्ची पुढे ओढली असती. पण मी पंधरावा प्रश्न आधीच विचारून बसलो होतो : 'आपले छंद कोणते?'

मी एका ओळीचा मेल लिहिला. 'सर, चौदाव्याचं उत्तर कोणाला सांगण्यासारखं नाही? घाई नाही.'

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी दीड पान आलं.

1991 सालची सहामाही, अकरावीचा वर्ग. सरांनी फळ्यावर तेरीजपत्रकाचं गणित लिहिलं. सगळ्या वर्गाची तेरीज 360 ने चुकली. जुळली ती एकाच मुलाची, पण त्याने फळ्यावरचा 4,510 हा आकडा पेपरात 4,150 असा लिहिला होता. आकडा फिरवून तेरीज जुळवतोस? सरांनी भर वर्गात शून्य दिलं, आणि वर म्हणाले की असली पोरं पुढे पेढ्या बुडवतात. तो काही बोलला नाही. बारावीला शाळेत आला नाही. पुढच्या वर्षी तेच गणित घालायला सरांनी जुनी वही काढली. मूळ आकडा 4,150 होता. 'फरकाला नऊने भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाली का ते आधी पाहावे, हे मीच शिकवतो,' सरांनी लिहिलं होतं. 'तो एकटाच ते शिकला होता.' सर घरी गेले, तर घराला कुलूप. माणसं गाव सोडून गेली होती.

खाली एक ओळ होती. 'हे समोर बसून सांगितले नसते. तुम्ही मान खाली घातली असती आणि मी विषय बदलला असता.'

मेलमध्ये त्या मुलाचं नाव होतं. पहाटे तीन वाजता दुसरा मेल आला : 'नाव काढावे.' सकाळी आठला तिसरा : 'त्याचे काढावे. माझे ठेवावे.' एसटीत सुचलेली उत्तरं सात मिनिटांच्या मुलाखतीत कुठे घालणार? ती घालायला जागा असते ती इथेच.

आणि तेव्हा कुठे मला आठवलं. आम्ही अकरावीला असताना सर फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी माझी चूक शोधा." वर्ग खो खो हसायचा. मीही हसायचो.

समितीचं म्हणणं पडलं, की अमृतमहोत्सवात हे कशाला? छंद वगैरे छापा. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाचं तरी व्हाउचर परत केलं. वीस उत्तरं काढून टाकली आणि चौदावं तेवढं पानभर छापलं, एका सराफाच्या जाहिरातीसमोर. खाली माझा ई-मेलचा पत्ता दिला.

ज्या रकमेचं खातं सापडत नाही, ती आम्ही बँकेत सस्पेन्सला टाकतो. सरांनी ही रक्कम इतकी वर्षं तिथे ठेवली होती, आता स्वतःच्या नावे टाकली आहे. समोरच्या बाजूची नोंद अजून यायची आहे. दर सोमवारी सरांचा मेल येतो : 'काही आले का?' आता प्रश्न ते विचारतात आणि उत्तर मी देतो, लेखीच.

'अद्याप नाही, सर.'