घरटी एक साक्षर : वार्धक्य आणि डिजिटल साक्षरतेची योजना

डिजिटल साक्षरतेविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात किती जणांस शिकविले याची गणना पुष्कळ असते. कोणास शिकविले नाही, याचा विचार क्वचितच आढळतो. प्रस्तुत टिपणात हा दुसरा प्रश्न वृद्धांच्या संदर्भात तपासावयाचा आहे. त्यासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजूर झालेले व मार्च २०२४ अखेर समाप्त झालेले 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' विचारार्थ घेतले आहे.

सहा कोटी ग्रामीण कुटुंबांपर्यंत पोहोचण्याचा या अभियानाचा संकल्प निःसंशय मोठा होता. मोबाईल व संगणक हाताळणे, पैशांची देवघेव करणे, शासकीय सेवा मिळविणे हे २० तासांच्या अभ्यासक्रमाचे विषयही योग्यच होते. दोष आहे तो प्रवेशाच्या दोन अटींत. पहिली, वय १४ ते ६० असावे. दुसरी, एका कुटुंबातून एकाच व्यक्तीस प्रवेश मिळावा.

पहिल्या अटीतील विसंगती उघड आहे. २००७ च्या कायद्याने ज्या वयास माणूस 'ज्येष्ठ नागरिक' ठरतो, त्याच वयास या वर्गाचे दार बंद होते. दुसरीकडे, निवृत्तिवेतनधारकांसाठी 'जीवन प्रमाण' ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय शासनानेच नोव्हेंबर २०१४ पासून केली आणि २०२१ पासून तीत चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची भर घातली. कागदी दाखल्याचा मार्ग मोकळा आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि जी सोय मुख्यतः वृद्धांसाठी केली, ती वापरण्याचे शिक्षण मात्र वृद्धांसाठी नव्हते, ही गोष्ट उरतेच.

दुसरी अट अधिक विचारणीय आहे. घरातील एकास आले म्हणजे घराला आले, असे तीत गृहीत धरले आहे. शाहूवाडी, भुदरगड, गगनबावडा या तालुक्यांतून कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आली आहेत. अशा घरातील शिकलेला एकजण गावी राहीलच, याची शाश्वती काय? आणि राहिला तरी आजोबांचा सांकेतिक क्रमांक नातवाच्या ओठी राहणार. काम होईल, पण आजोबांचा व्यवहार आजोबांच्या हाती राहणार नाही. कौशल्य उसने मिळते. आत्मविश्वास उसना मिळत नाही. फसवणुकीचा दूरध्वनी येतो तेव्हा ही उणीव विशेष जाणवते. कारण स्वतः कधी व्यवहार न केलेल्या माणसास खरे कोणते व खोटे कोणते, हे पारखण्याचे साधनच नसते.

वय हेच शिकण्यातील विघ्न आहे, असे म्हणावे तर ठाणे जिल्ह्यातील फांगणे येथे मार्च २०१६ मध्ये सुरू झालेली 'आजीबाईंची शाळा' त्याचे उत्तर देते. तेथे साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी साडी नेसून, समवयस्कांच्या सोबतीने अक्षरे गिरवू लागल्या. ती शाळा डिजिटल शिक्षणाची नव्हे. परंतु संथ गती, समवयस्कांची संगत आणि चुकले तरी हसे होणार नाही ही खात्री, या तिन्ही गोष्टी मोबाईल शिकवितानाही तितक्याच अगत्याच्या आहेत.

२०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील सर्वांचा विचार असून डिजिटल साक्षरतेचाही समावेश आहे, ही सुधारणा स्वागतार्ह होय. मात्र त्याचा मुख्य रोख निरक्षरांवर आहे. वर्तमानपत्र रोज वाचणारा, पण मोबाईलवर बोट ठेवण्यास कचरणारा निवृत्त कारकून त्यातही सुटतो.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा घरातील एक मूल शिकले की पुरे, असे म्हटले नव्हते. तोच न्याय वार्धक्यास लावावयास हवा. यापुढील योजनांचे यश प्रमाणपत्रांच्या संख्येवर मोजू नये; आपला हयातीचा दाखला किती वृद्धांनी स्वतःच्या हाताने भरला, यावर मोजावे.