नाच्याच्या अंगातला पैलवान

‘नटरंग’ म्हटलं की लोकांना लावण्या आठवतात. मला त्यातल्या गुणा कागलकरचे हात आठवतात. सुरुवातीला हे हात शेतमजुराचे आणि कुस्तीगिराचे असतात. गुणाला तमाशाच्या वगात राजा व्हायचं असतं. नाचणारी मिळते, पण अट पडते: फडात नाच्या, म्हणजे बायकी ढंगात नाचणारा पुरुष, हवा. कुणी पुढे येईना, तेव्हा फड मोडण्यापेक्षा गुणाच उभा राहतो. मिशी जाते, कमावलेलं अंग उतरतं, मनगट लवायला लागतं. अतुल कुलकर्णी यांनी भूमिकेसाठी शरीर आधी खरोखर कमावलं आणि मग उतरवलं. म्हणूनच लवलेल्या मनगटाखाली जुना पैलवान दिसत राहतो. कुलकर्णी बाई उभी करत नाहीत. बाईपणाचं सोंग पोटासाठी आणि कलेसाठी पत्करलेला माणूस उभा करतात. हा अभिनेता सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’ या नाट्यसंस्थेत वाढला, हे सोलापूरकर प्रेक्षकाने अभिमानाने सांगावं.

आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, रवी जाधवांचा हा चित्रपट २०१० च्या पहिल्याच दिवशी आला. त्यातला सगळ्यात धीट भाग म्हणजे गुणावरचा बलात्कार. राजकीय वैरातून गुंड फडावर तुटून पडतात. पण गुणाला जी शिक्षा मिळते ती त्याच्या हावभावांची असते. एरवी याच हावभावांवर पब्लिक शिट्ट्या मारतं. पुढे घरचेही पाठ फिरवतात, तेव्हा गुंड आणि घर यांच्यातलं अंतर फारसं उरत नाही.

तरी एक गोष्ट खटकते. पटकथेला पैलवान हवाच का होता? नाच्याबद्दल कळवळा वाटावा म्हणून आधी त्याला तालीम, बायको, पोर असा पुराव्यांचा गठ्ठा द्यावा लागला. ‘तो तसा नाही हो’ ही ग्वाही मिळाल्यावरच प्रेक्षक रडायला मोकळा होतो. ‘जोगवा’ चित्रपटातल्या तायप्पाचंही तेच, त्याच्यावरही लुगडं लादलेलंच आहे. जो खरोखर ‘तसा’ होता, ज्याला फडाच्या चौकटीतच मोकळा श्वास घेता आला, त्याची गोष्ट अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही.

इतिहासात तो असणारच. पेशवाईतल्या तमाशात स्त्रीवेशात नाचणाऱ्याला नाच्या पोऱ्या म्हणत. शाहीर कवनाच्या शेवटी आपलं नाव गुंफायचा, म्हणून सोलापूरचे राम जोशी टिकले. त्यांच्यावर १९४७ साली चित्रपटही निघाला. नाच्याचं नाव कवनात कोण गुंफणार? अलीकडच्या काळात गणपत पाटलांनी पडद्यावर हेच पात्र जन्मभर रंगवलं. संसारी माणूस, पण भूमिका त्यांच्या नावाला कायमची चिकटली. २००८ साली ते गेले.

कागदपत्रं नसतात तिथेच कादंबरीकाराचं काम सुरू होतं. राम जोशींच्या काळातला फड घ्यावा, त्यातला एक पोऱ्या घ्यावा, आणि त्याला ना तालमीत पाठवावं ना बोहल्यावर चढवावं. ‘नटरंग’ने वाट अर्धी करून दिली आहे. उरलेली अर्धी सोलापूरच्याच एखाद्या लिहित्या माणसाने चालावी.