अंकलिपीचें परीक्षण

मराठी घरांत मुलाच्या हातीं पडणारें पहिलें पुस्तक बहुधा अंकलिपी हेंच असतें. काव्य, नाटक, कादंबरी यांच्या गुणदोषांचें विवेचन आमचे टीकाकार हिरिरीनें करतात. परंतु ज्या चिमुकल्या पुस्तकावर पुढील सर्व वाचनाची भिस्त ठेवली जाते, त्याची परीक्षा करण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. ती उणीव अल्पांशानें भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम गुण पाहूं. अंकलिपींतील व्यंजनांचा क्रम ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनें अप्रतिम आहे. कंठापासून ओठापर्यंत उच्चारस्थानें ओळीनें घेऊन केलेली ही मांडणी पाहिली, म्हणजे पूर्वजांच्या सूक्ष्म बुद्धीचें कौतुक वाटतें. रोमन वर्णक्रमांत असा मेळ शोधूनहि सांपडत नाहीं. परंतु ही व्यवस्था व्याकरणकाराच्या सोयीची आहे, चार वर्षांच्या मुलाच्या नव्हे. क, ख, ग, घ हीं अक्षरें तोंडपाठ झालीं तरी त्यांतून मुलाच्या ओळखीचा एकहि शब्द जुळत नाहीं. श्रम झाले, फळ मात्र दिसलें नाहीं, असा अनुभव त्यास पहिल्याच पानावर येतो.

दुसरा दोष शब्दांच्या निवडीचा. ‘ऐ’ ऐरणीचा खरा. पण शहरांतील किती मुलांनीं ऐरण पाहिलेली असते? ‘ण’ बाणाचा व ‘ळ’ बाळाचा, येथें तर शिकवावयाचें अक्षर शब्दाच्या आरंभीं नाहींच. मराठी शब्द ण किंवा ळ यांनीं सुरू होत नाहींत, हा अंकलिपीकाराचा अपराध नव्हे. परंतु बाणाचें चित्र पाहून ‘ब’ म्हणणाऱ्या मुलास चूक ठरविणें हा खचित अपराध आहे, आणि तो घरोघर घडतो. वस्तुतः त्या मुलाचा कान बरोबर असतो.

या कानाचें सामर्थ्य आणखी एका गोष्टींत दिसतें. ‘चमचा’ म्हणतांना जीभ दांतांकडे जाते, ‘चंद्र’ म्हणतांना टाळूकडे. ‘झाड’ व ‘झेंडा’ यांतहि तोच भेद आहे. अक्षर एक, उच्चार दोन. अंकलिपी मात्र एकाच चित्रावर भागविते. मूल दोन्ही उच्चार बोलण्यांत बिनचूक करीत असतें, म्हणजे पुस्तकापेक्षां त्याचें ज्ञान अधिक असतें. ‘बाहुली’ या शब्दास तीन टाळ्या वाजविणारें व ‘बाहुली’ आणि ‘बादली’ यांचा आरंभ सारखा आहे हें ओळखणारें मूल एकहि अक्षर न गिरवितां वाचनाच्या उंबरठ्यावर येऊन उभें राहिलें, असें आम्ही समजतों.

हा विचार नवा नाहीं. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवितें व त्याच वेळीं त्याचा ध्वनि ऐकतें आणि उच्चारतें. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापून त्या पद्धतीचा प्रसार केला, आणि ताराबाईंनीं १९४५ त बोर्डी येथें ग्रामबालशिक्षा केंद्र काढून ती खेड्यांतील मुलांपर्यंत नेली. इतकें होऊनहि अंकलिपीचा सांचा फारसा बदलला नाहीं, याचें नवल वाटतें.

आमच्या जुन्या पंतोजींची एक युक्ति येथें आठवते. ते आरंभ करीत तो ‘ग म भ न’ पासून. हीं अक्षरें वळणानें एकमेकांच्या जवळचीं आहेत. शिवाय चार अक्षरें येतांच मन, नभ, गगन असे शब्द हातीं लागतात. ‘गमभन’ हा शब्द भाषेंत रूढ झाला, त्याचा क्रम मात्र पुस्तकांतून मागें पडला.

सुशिक्षित आईबापांस एक स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. पाहुण्यांपुढें मुलाकडून वर्णमाला म्हणवून घेणें म्हणजे त्यास वाचन शिकविणें नव्हे. पाठांतर चुकतांच पाहुण्यांसमोर त्यास ओशाळें व्हावें लागतें, आणि पुस्तक म्हणजे परीक्षा, ही समजूत चौथ्या वर्षींच दृढ होते. ती पुढें कोणत्याहि शाळेस सहजीं पुसतां येत नाहीं. त्यापेक्षां मुलास मांडीवर घेऊन, ओळीवरून बोट फिरवीत, रोज एक गोष्ट वाचून दाखवावी. अंकलिपी फेंकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती गोष्टीच्या मागून यावी, इतकेंच.

गोष्ट थांबली कीं मूल ‘मग?’ म्हणून विचारतें. तो शब्द म आणि ग या दोनच अक्षरांचा आहे. तोच त्यास पहिल्यानें लिहून दाखवावा.