पाच सीडी आणि एक भैरवी

नव्वदच्या दशकात अमेरिकेत आलेल्या मराठी घरांत एक काळा, रुंद, जड डबा अजून सापडतो. पाच सीडी एकदम मावणारा चेंजर. तुमच्याही बेसमेंटमध्ये असेल, किंवा कुणी घर आवरताना तुम्हाला देऊन टाकला असेल. माझ्याकडे तसाच आला, सोबत शास्त्रीय संगीताच्या सीडींची दोन खोकी. तीन महिने रोज वापरल्यावर मत असं झालंय, की हे यंत्र गाणं वाजवण्यासाठी नाही, सीडी बदलण्यासाठी बनवलंय.

एका सीडीत ७४ ते ८० मिनिटं मावतात. पाच सीडी म्हणजे न उठता सहा तासांचं गाणं. पण एक संपली की आतली थाळी खडखडत फिरते, पुढची सीडी पकडीत बसते, लेझर तिची अनुक्रमणिका वाचतो आणि मग कुठे सूर येतो. मी मोजलं, पंधरा सेकंद. पार्टीत हे खपून जातं. तानपुऱ्याची आस अजून कानात असताना नाही खपत.

खरी फजिती ‘शफल’ची. आपल्या बऱ्याच सीडींवर विलंबित आणि द्रुत ख्याल हे वेगवेगळे ट्रॅक असतात. यंत्राला ती दोन गाणी वाटतात! मग यमनच्या विलंबितानंतर नाट्यपद, आणि मैफल संपवणारी भैरवी तिसऱ्याच क्रमांकाला. पडद्यावर काय, तर ‘डिस्क ३, ट्रॅक २’. रागाचं नाव हवं असेल तर उठा आणि कव्हर शोधा. न उठण्यासाठीच घेतलं होतं ना हे?

आवाजाबद्दल तक्रार नाही. ऑप्टिकल केबलने बाहेरच्या चांगल्या अॅम्प्लिफायरला जोडा, जुनी ध्वनिमुद्रणंही छान उलगडतात. एक सीडी चालू असताना खण उघडून बाकीच्या चार बदलता येतात, ही सोयही मान्य. तुमचा खण अडकत असेल तर डबा लगेच फेकू नका. बहुधा आतला रबरी पट्टा वापराविना कडक झालेला असतो. तो स्वस्तात मिळतो आणि स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल तर घरीच बदलता येतो.

सध्या मी त्यात एकच सीडी घालते. ती संपली की थाळी तरीही फिरते, चारही रिकाम्या खाचा एकेक करून तपासते, आणि मग थांबते.