बेरजेत न बसणारा वारसा

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांत सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे शिळांपासून २०० मीटरच्या आत धावणारा ए-३०३ महामार्ग. तो चौपदरी करून इथला ३ किलोमीटरचा टप्पा बोगद्यात घालायचा, अशी योजना होती. ऐकायला उत्तमच. पण इथलं जागतिक वारसा क्षेत्र ५ किलोमीटरहून रुंद आहे. म्हणजे पश्चिमेला बोगद्याचं तोंड आणि पुढचा खोल खोदलेला रस्ता वारसा क्षेत्रातच येणार होता, प्राचीन दफन-टेकड्यांच्या परिसरात.

सरकारी यंत्रणेच्या मूल्यांकनाने हिशेब मांडला: शिळांजवळ शांतता हा फायदा, पश्चिमेचं खोदकाम हा तोटा, एकूण परिणाम किंचित लाभदायक.

माझा आक्षेप या बेरजेलाच आहे. गाड्यांचा आवाज उद्याही थांबवता येईल. एकदा उकरलेली माती आणि तिच्यातला हजारो वर्षांचा पुरावा पुन्हा जसाच्या तसा रचता येत नाही. मग दोन्ही एकाच तराजूत कसे?

तपासणी अधिकाऱ्यांनी नकार सुचवला होता, तरी २०२० मध्ये मंत्र्यांनी मंजुरी दिली. पर्यायांचा नीट विचार झाला नाही म्हणून हायकोर्टाने २०२१ मध्ये ती रद्द केली. २०२३ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली. अखेर २०२४ मध्ये योजना गुंडाळली गेली, ती खर्च परवडत नाही म्हणून.

जमीन वाचली याचा आनंद आहेच. पण ती तिजोरीमुळे वाचली. बेरजेचा तो तक्ता मात्र शाबूत आहे, पुढच्या रस्त्यासाठी.