मिरचीच्या कारखान्याचे दार

दरवर्षी वैशाखात आमच्या गच्चीवर वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत पडतात आणि घरभर ठसका सुरू होतो. यंदा तो चालू असतानाच नातीने ‘मिर्च मसाला’ हा चित्रपट लावला. मी तो प्रथम पाहिला १९८७ साली. तेव्हा मनात भरली होती ती सोनबाई. या खेपेस डोळ्यांसमोरून हलेना ते कारखान्याचे दार. सणासुदीला हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कामावर जाणारी लेकसून आज घरोघर आहे. तेव्हा विषय घरचाच म्हणायचा.

केतन मेहता यांचा हा चित्रपट गुजराती कथाकार चुनीलाल मडिया यांच्या कथेवर आधारलेला आहे. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, स्थळ गुजरातेतील एक खेडे. सारा वसूल करायला आलेला सुभेदार (नसीरुद्दीन शाह) सोनबाईच्या (स्मिता पाटील) वाटेला जातो. ती त्याच्या थोबाडीत देते आणि शिपाई मागे लागताच मिरच्या कुटण्याच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ (ओम पुरी) दार लावून घेतो. तेथून पुढचा सारा चित्रपट त्या दाराच्या आत आणि बाहेर घडतो.

स्मिता पाटील यांच्या डोळ्यांतील निखारा आणि लाल मिरच्यांचे ढीग यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते खरेही आहे. पण या चित्रपटाचे खरे मोठेपण मला दुसरीकडे दिसते. अन्याय झाल्यावर माणसे कशी वागतात, याचा इतका चोख हिशेब मी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेला नाही. गावात दाद मागायची ती मुखीकडे, आणि मुखीच सुभेदाराला भिऊन आहे. पंचायत भरते आणि सोनबाईला बाहेर काढावे असे ठरते. मात्र पुन्हा दुसऱ्या बाईची मागणी करू नये, एवढी अट. सुभेदार ती अट ऐकून हसतो आणि साफ नाही म्हणतो. एकीला देऊन बाकीच्या वाचतील, या शहाणपणाची किंमत त्या हसण्यात उघडी पडते. कारखान्यातल्या बायाही हळूहळू उलटतात. तुझ्यापायी आम्ही का भोगावे, असा त्यांचा सूर लागतो. दिग्दर्शकाने त्यांना दुष्ट ठरवलेले नाही. त्या भ्यालेल्या आहेत, एवढेच. आणि भ्यालेली माणसे अशीच बोलतात.

हा सूर मला ओळखीचा वाटला. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत कारकून होतो, तेथे एका टंकलेखिकेने वरिष्ठाविरुद्ध अर्ज दिला. अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जायचा होता. साहेब म्हणाले, ‘‘राहू द्या चार दिवस.’’ तो खणात राहिला. आम्ही सारे सभ्य माणसे. कोणी तिला वाईट बोलले नाही. ‘‘कशाला वाढवता, बाई?’’ एवढेच म्हणालो. दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. अबू मियाँ मालकाचेही ऐकत नाही, हे दृश्य आले तेव्हा मी नातीकडे पाहू शकलो नाही. दार माझ्याही हाती होते.

म्हणूनच चित्रपटाच्या शेवटाशी माझे भांडण आहे. दार फोडले जाते, अबू मियाँ मारला जातो, बाया सुभेदारावर मसाल्याची पोतीच्या पोती रिकामी करतात, तो गुडघ्यांवर येतो आणि चित्रपट संपतो. प्रेक्षकाला समाधान मिळते. पण दुसऱ्या दिवशीचे काय? कारखाना उघडतो का? सोनबाई कामावर येते का? पराक्रमाच्या उजेडात हा साधा प्रश्न दिसेनासा होतो. जिच्यावर बेतले तिने वाघीण व्हावे आणि आम्ही टाळ्या द्याव्यात, ही आमची आवडती सोय आहे. तिला वाघीण व्हावे लागू नये, अशी व्यवस्था करणे अधिक कष्टाचे.

राजस्थानात १९९२ साली भंवरीदेवी या साथिणीवर अत्याचार झाला, तो बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केल्याबद्दल. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नियम घालून दिले, आणि २०१३ साली कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे तक्रार समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. त्याहून लहान जागी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार साधारणतः तीन महिन्यांत लेखी द्यावी. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाईही या कायद्यात येते, हे फराळाचे ताट तिच्या हाती देताना लक्षात असावे. मुखीच भ्याला तर जायचे कोठे, या चित्रपटातील प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

उत्तर कागदावर आहे. अर्ज खणात ठेवणारा हात मात्र माणसाचाच असतो. म्हणून दोष दाखवूनही हा चित्रपट घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा, असे मी म्हणेन. सोनबाईचे धैर्य थोडक्यांना लाभते. अबू मियाँचे काम त्या मानाने साधे आहे. कोणी धापा टाकीत आत आले, तर दार लावून घ्यायचे आणि बाहेरून कोणीही सांगितले तरी उघडायचे नाही. नातीने विचारले, ‘‘आजोबा, त्या बाईंचे पुढे काय झाले?’’ ती सोनबाईविषयी विचारीत होती. मला उत्तर देता आले नाही.