किल्ल्याचे दार

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा तेथे केळणेचा काठ धरून उभ्या होत्या. तोफा भक्कम, पलटणी कवायती, आणि पुढे नदीचा तट! वाटाड्यांनी वेल्स्लीला सांगितले की दुसरा उतार नाही. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसताच त्याने ताडले, की येण्याजाण्याची वाट असल्याखेरीज माणसे अशी वसत नाहीत. गावकऱ्यांच्या त्या रोजच्या वाटेनेच फौज आली.

ह्या प्रसंगाची आठवण एका संगणकी खेळाने करून दिली. टार्न आणि झॅक अॅडम्स ह्या अमेरिकन बंधूंचा 'ड्वार्फ फॉर्ट्रेस' २००६ साली लोकांपुढे आला. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो आपल्या संग्रहासाठी निवडला. सात खुजी माणसे डोंगर पोखरून वसाहत करतात. ती नांदू लागली की एखादे दिवशी आग ओकणारा ड्रॅगन येतो. मूळ रूपात तो पडद्यावरचे एक रोमन अक्षर होता; २०२२ च्या आवृत्तीत त्याला चित्र मिळाले. मला विचाराल, तर धास्ती अक्षराचीच अधिक होती.

हरण्यातच मजा आहे, हे ह्या खेळाचे ब्रीद. ते पोकळ नाही. ड्रॅगन मारतो थोड्यांना. पण मेलेल्यांचे सोबती शोकाने बेभान होतात, एकमेकांवर धावून जातात, आणि तट शाबूत असता किल्ला आतून ढासळतो. पूर्वीच्या आवृत्त्यांत तर हे वारंवार घडे. शोकाला एवढे वजन देणारा खेळ सामान्य नव्हे.

तरीही एक उणीव खटकते. ड्रॅगनला नाव आहे, त्याने घेतलेल्या बळींची नोंद आहे. मागणे मात्र काही नाही. त्याच्याशी तह होत नाही. मग खेळणारा उचलता पूल वर घेतो, किंवा वाटेत पिंजऱ्याचा सापळा मांडून त्याला जेरबंद करतो. जमिनीखाली अळंबी पिकवून वर्षानुवर्षे दार बंद ठेवता येते. असा किल्ला टिकतो. पण व्यापारी येत नाही, नवा माणूस येत नाही, सांगण्याजोगे काही घडत नाही. सर्वांत सुरक्षित डाव तोच सर्वांत निर्जीव ठरावा, हा रचनेचा दोष म्हणावा लागेल.

की हेच त्याचे मर्म? ज्या वाटेने जीवन आत येते, तीच शत्रूचीही वाट असते. केळणेचा उतार बुजवला असता, तर कदाचित फौज अडली असती. पण मग ती दोन गावे तेथे वसलीच नसती.